आतून उघडणारं कुलूप

प्रिय पहिल्या बाकावरचे,

आपल्या लंबूनं तुझा निरोप मंगळवारी दिला. ‘रविवारी चारला ये, बोलू.’ चारच शब्द, पण त्यानं ते सहा फुटांवरून खाली वाकून असे दिले की जणू जन्मठेप माफ झाली. वर म्हणाला, “घे, सुटलास.” आज शुक्रवार. तीन दिवस झाले आणि मी अजून ‘येतो’ म्हणून कळवलेलं नाही, याचं तुला नवल वाटत असेल. चार महिने मी ह्याच निरोपाची वाट बघत होतो हे लंबूनं तुला सांगितलं असणारच, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी अनवाणी धावत येईन असं तुला वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण येण्याआधी तुला एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती ऐकून तू रविवार रद्द केलास तर मला बोलायला जागा नाही. तोंडानं सांगायला गेलो तर मी माझीच वकिली करीन, आवाज चढेल, आणि तू म्हणशील, झालं, पेटली काडेपेटी. म्हणून लिहितोय. एकदम त्या गोष्टीवर येत नाही, तेवढं सांभाळून घे. आधी थोडं इकडचं तिकडचं सांगतो, कारण ते घडलं नसतं तर ती गोष्ट सांगण्यासारखी आहे हे माझ्या डोक्यात शिरलंच नसतं.

मी अजून त्याच किल्ल्यांच्या दुकानात आहे. तू पैज लावली असतीस तर हरली असतीस; मी स्वतःशी लावली होती, हरलो. दुकान म्हणजे तू बघितलंसच, दोन इमारतींच्या मधली फट, वर पत्रा आणि पुढे फळी. दोन गिऱ्हाइकं आली की मला पोट आत ओढून उभं राहावं लागतं. तिन्ही भिंतींवर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, जवळून ट्रक गेला की सगळ्या एकदम किणकिणतात. मालकीण मावशी मला पहिल्या दिवसापासून ‘कॉलेज’ म्हणतात. “अर्ध्यात सोडलंस ना? मग निदान नावात तरी राहू दे,” म्हणाल्या. मी तिथल्या तिथे भडकलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. फिरत्या मशीनकडे बोट केलं आणि म्हणाल्या, “रागवायचं असेल तर आधी ते बंद कर. तुझ्या आधीच्याचं अर्धं बोट त्यात गेलंय.” तेव्हापासून राग आला की मी आधी बटण बंद करतो, आणि बटणापर्यंत हात जाईतो निम्मा राग उतरलेला असतो. तुझ्या दोन वर्षांच्या समजावण्यानं जे जमलं नाही ते त्या बटणानं केलं. वाईट वाटून घेऊ नकोस.

दुकानाचे नियम मोजके. कुणाच्या दाराची हे विचारल्याशिवाय किल्ली कापायची नाही. कापताना बिघडली तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर तिचे दोन तुकडे करायचे. खिशात तर सोडाच, कचऱ्यातसुद्धा अख्खी टाकायची नाही. आणि ज्याचं दार त्याच्याशीच बोलायचं. हा शेवटचा नियम माझ्यामुळे झाला. एक बाई नवऱ्याबरोबर आल्या होत्या. किल्ली त्यांच्या हातात, दार त्यांच्या शिवणकामाच्या गाळ्याचं, आणि मी सगळं त्या नवऱ्याला विचारत होतो. किती करू, पितळेची की साधी, कधी न्याल. तो भला माणूस दर वेळी बायकोकडे वळून विचारायचा, ती त्याला सांगायची, मग तो मला सांगायचा. मावशी कानस घासत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “कॉलेज, पोस्टमनला जरा विसावा घेऊ दे. बाई समोरच उभ्या आहेत.” ते दोघं हसले. मला मात्र दिवसभर ते कुसळासारखं टोचत राहिलं. असं कर म्हणून मला कुणी शिकवलं नव्हतं. मग मी का केलं? तुला ठाऊक आहे, मला एकदा ‘का’ लागला की तो उवेसारखा डोकं सोडत नाही. त्या दिवसापासून किल्ली करायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी विचारायला लागलो, कशाला हवी? मावशी म्हणाल्या, “विचार बापडा. पण तिनं सांगितलंच पाहिजे असं तोंड करू नकोस.”

बहुतेकजणी सांगतात. एक नर्स आली होती. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी यायची, तर दाराला आतून कडी. सासूबाई उठून, आवरून कडी काढेपर्यंत ही जिन्यात उभी. म्हणाली, “वीस मिनिटं काही फार नाहीत हो. पण रोज आपल्याच दारात पाहुण्यासारखं उभं राहायचं, तेही रात्रभर उभं राहून आल्यावर.” तिला कडी काढून लॅच बसवून हवं होतं. मी ड्रिल घेऊन गेलो. सासूबाई हाताची घडी घालून माझ्या डोक्यावर उभ्या. “इतकी वर्षं कडी होती, कुणाचं काय अडलं? आता घराला धर्मशाळा करा.” ड्रिल चालू होतं म्हणून मी गप्प राहिलो. काम झालं, नर्सबाईंनी किल्ली फिरवून बघितली, उघडलं, लावलं, परत उघडलं, आणि झोपायला निघून गेल्या. मी जिना उतरतोय तर मागून सासूबाई. हळूच म्हणाल्या, “आणखी एक करशील? माझ्यापुरती. हिला सांगू नकोस.” मी विचारलं, कुठे जायचंय आजी? “जायचंय कुठे? असू दे,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी नेऊन दिली तर मुठीत अशी घट्ट धरली की मला वाटलं दाते हातात उमटतील. सत्तरीची बाई, कुठे जायचं नाही, तरी किल्ली हवी. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो, आणि मला तू आठवलीस.

तू ती खोली घेतलीस तो दिवस आठवला. घरच्यांशी दोन महिने भांडून, पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली नोकरी लागल्या लागल्या, त्या निवृत्त कंपाउंडरबाईंच्या वरच्या मजल्यावरची ती एका खिडकीची खोली. संध्याकाळी तू मला सांगत होतीस की सामान लावायच्या आधी तू दार लावलंस, उघडलंस, पुन्हा लावलंस, असं पाच वेळा केलंस आणि मग फरशीवर बसून राहिलीस. त्या कंपाउंडरबाई नोकरी करणाऱ्या एकट्या मुलींनाच खोली देतात, कारण त्यांच्या वेळी त्यांना कुणी दिली नव्हती, हेही तू सांगितलंस. त्यांचे आभार कसे मानू ते सुचत नव्हतं तुला, म्हणून तू त्यांच्या पाण्याच्या टाकीतलं पाणी प्रयोगशाळेत नेऊन फुकट तपासून दिलंस. आणि मी काय म्हणालो? “दारच लावलंस ना? त्यात काय एवढं?” तू गप्प झालीस. मला वाटलं, पटलं.

तसं मी पहिल्यांदा केलं नव्हतं. कॉलेज सोडलं तो दिवस मी माझ्या शौर्याचा म्हणून सगळ्यांना सांगत फिरायचो. सर म्हणाले होते, मुलींना प्रयोगशाळेत घ्यावं, काचेची भांडी स्वच्छ राहतात. वर्ग हसला. तू मान खाली घालून काहीतरी लिहीत होतीस, आणि मी मागच्या बाकावरून उठलो, ओरडलो, माझी जर्नल खिडकीबाहेर भिरकावली आणि निघून गेलो, तो आजतागायत. तू वर्गात बसून राहिलीस. नंतर कळलं की तू त्यांचं वाक्य तारीख-वेळ घालून लिहून घेत होतीस, सहाजणींच्या सह्या घेऊन ते प्राचार्यांना दिलंस, आणि सरांना सगळ्या वर्गासमोर माफी मागावी लागली. ती माफी ऐकायला मी नव्हतो. माझी जर्नल तेवढी गटारात भिजत पडली होती. तू मला म्हणालीस, “भांडण माझं होतं. मला विचारलंस का, भांडू का म्हणून?” मला तेव्हा वाटलं होतं, काय कृतघ्न मुलगी आहे.

आता आमच्या घरचं. दाराला एक कुलूप, किल्ल्या दोन, एक बाबांची, एक माझी. सासूबाईंना किल्ली देऊन आलो त्या दिवशी आईला विचारलं, तुझी किल्ली कुठे असते? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, “मला कशाला? मी घरात असतेच की. कुलूप लावायची वेळ येते कधी?” आणि हसली. माझ्या जन्मापासून मी कधीही आलो तरी दार उघडं असायचं. मी मित्रांना ऐटीत सांगायचो, आमच्या घराला कुलूप माहीतच नाही. ते घर उघडं असायचं कारण एक माणूस आत असायचं, हे मला चोविसाव्या वर्षी कळलं, आणि तेही धंद्याच्या निमित्तानं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या हातानं तिला किल्ली करून दिली, दाते तीनदा घासून. “वेडा आहेस,” म्हणाली आणि डब्यात टाकून मोकळी झाली. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी बाबांचं डोकं दुखत होतं म्हणून ते लवकर घरी आले. किल्ली नेलेली नव्हती, नेतील कशाला? माझीही घरातच खुंटीवर. मी सहाला पोचलो तर बाबा तिसऱ्या पायरीवर, पिशवी मांडीवर घेऊन, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे बसलेले. मला म्हणाले, “तुझी आई घरात नाही.” सूर्य उगवला नाही असं सांगावं त्या आवाजात.

सव्वासहाला आई आली. सावकाश चालत, केस वाऱ्यानं विस्कटलेले. “अगंबाई, कधी आलात?” म्हणाली, किल्ली काढली, आधी उलटी फिरवली, मग सुलटी. बाबांनी विचारलं, “कुठे गेली होतीस?” ती म्हणाली, “गेले होते.” एवढंच. चहाच्या वेळी त्यांनी पुन्हा विचारलं, तिनं साखर पुरे का विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, “मी माझी किल्ली नेतोय,” आणि आई म्हणाली, “बरं.” त्यानंतर ती दर गुरुवारी जाते. कुठे, ते आम्हा दोघांनाही माहीत नाही. मी कुतूहलानं फुटायचा बाकी आहे. एकदा तर मागोमाग जावं असंही मनात आलं, चपला घातल्यासुद्धा, आणि मग काढून ठेवल्या. का काढल्या ते पुढे येईलच. आईनं मला विचारलं, “तुला हे किल्लीचं सुचवलं कुणी?” मी म्हटलं, पहिल्या बाकावर बसायची एक मुलगी, तिनं सुचवलं नाही, पण तिच्यामुळे. आई म्हणाली, “तिला सांग, तुझे उपकार आहेत म्हणावं.” तर हा आईचा निरोप. तो माझा नाही, म्हणून माझ्यावर कितीही रागावलीस तरी तेवढा ठेवून घे.

गेल्या सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी हे सगळं मावशींना सांगितलं आणि विचारलं, तुम्ही ह्या धंद्यात कशा आलात? त्या म्हणाल्या, “चोरीनं.” त्यांचे यजमान हेच काम करायचे. सगळ्या वस्तीला किल्ल्या करून देणारा माणूस दुकानात येताना घराला बाहेरून कुलूप लावून यायचा, बायको आत. मारहाण नाही, शिवीगाळ नाही. काळजी म्हणायचा. दारात बसवलेलं कुलूप, भोक आरपार, आतून-बाहेरून दोन्हीकडून किल्ली लागणारं. मावशींचं तेव्हा नवीन लग्न. एकदा तो आंघोळीला गेला असताना त्यांनी त्याची किल्ली ओल्या साबणाच्या वडीवर दाबली, त्याच्याच पेटीतली एक कोरी किल्ली आणि एक मोडकी कानस काढून घेतली, आणि रोज दुपारी थोडं थोडं घासत राहिल्या. पहिली बसली नाही. दुसरी अर्धीच फिरली. दीड महिन्यानं तिसरी फिरली. मी विचारलं, मग कुठे गेलात? मला वाटलं, माहेरी, नाहीतर स्टेशनवर. म्हणाल्या, “चौथ्या गल्लीपर्यंत. आणि परत.” कशाला? “बघायला, चौथी गल्ली जागेवर आहे का.” मग रोज जायच्या. तो यायच्या आत परत येऊन, कुलूप लावून बसायच्या. तीन वर्षांनी त्याला कळलं. आठवडाभर बोलला नाही. मग ती किल्ली हातात घेऊन उजेडात धरून बघितली आणि म्हणाला, “हे माझ्यापेक्षा बरं घासलंयस.” त्यानंतर बाहेरून कुलूप लावणं बंद झालं, आणि त्याचे डोळे अधू झाले तेव्हा मावशी दुकानात आल्या. मी म्हटलं, म्हणजे शेवटी त्यांनी तुम्हाला मोकळं केलं. मावशी म्हणाल्या, “त्यानं? त्याला कळलं तेव्हा मी तीन वर्षं मोकळीच होते, बाबा. त्यानं फक्त बघितलं.”

आणि हे ऐकताना माझ्या शर्टाच्या खिशात तुझ्या दाराची किल्ली होती. आता ती गोष्ट. तुला आठवत असेल, खोली घेतल्यावर तू दुकानात आलीस, एक जादा किल्ली करून घ्यायला, प्रयोगशाळेतल्या कप्प्यात ठेवायला. तेव्हा मला दुकानात पंधरा दिवस झाले होते आणि मावशी बाहेर गेल्या होत्या. दुसरं दुकान तुझ्या वाटेवर असताना तू माझ्याकडे आलीस. मी एक कापली, आणि म्हणालो, बिघडली, थांब, दुसरी करतो. तू म्हणालीस, होऊ दे, घाई नाही. दुसरी करून तुला दिली. पहिली बिघडलेली नव्हती. ती मी खिशात टाकली. कशाला टाकली हे तू विचारशील. मी खूप वेळा विचारलं आहे. त्या क्षणी मनात काही कट नव्हता. तुझ्या एका वस्तूची जोडी माझ्याजवळ असावी, एवढंच प्रेमवीराचं खूळ होतं. पण खुळाला दात असतात. मग आपलं ते भांडण झालं. मी न कळवता आलो, तू दारातच म्हणालीस, येण्याआधी विचारत जा, आणि मी जिन्यात उभा राहून नाही नाही ते बोललो, की माझ्याशी परक्यासारखी वागतेस, की खोली मिळाली आणि डोक्यात हवा गेली. तू म्हणालीस, मी बोलावेन तेव्हाच ये. दार लावलंस. त्यानंतर नऊ दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी मी पुन्हा आलो होतो. तू बाहेर गेली असशील असं वाटलं होतं. आत जाऊन काय करणार होतो ते मला माहीत नाही. चिठ्ठी ठेवणार होतो असं मी स्वतःला सांगत होतो, पण चिठ्ठी लिहिलेली नव्हती. किल्ली भोकात घातली. ती लोण्यासारखी आत गेली, आणि पहिल्यांदा मनात काय आलं माहीत आहे? काम काय सुबक झालंय. तेवढ्यात आतून तू हसलीस. बरोबर कुणी नव्हतं, एकाच माणसाचं हसणं होतं. मोठ्यानं, पोट धरून, आमच्यासमोर कधी हसली नाहीस असं. मी किल्ली हळूच काढली आणि चपला हातात घेऊन जिना उतरलो. तू कशाला हसलीस ते मला आजही माहीत नाही. आधी संताप आला, माझ्याशिवाय हिला इतकं हसू येतंच कसं. मग नुसतं कुतूहल उरलं. मग आई दर गुरुवारी जायला लागली, मी तिच्या मागे जायला चपला घातल्या, आणि त्याच चपला त्या दुपारी हातात होत्या हे आठवलं. म्हणून काढून ठेवल्या.

मावशींची गोष्ट संपली तेव्हा मी किल्ली काढून फळीवर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, कामावरून काढतील. त्यांनी किल्ली उचलली, उजेडात धरली, दाते बघितले. म्हणाल्या, “मीही चोरून किल्ली केली, तूही चोरून केलीस. माझी बाहेर पडायला होती. तुझी आत शिरायला.” मग फळीवरच्या लोखंडी शिकंज्याकडे हात केला. मी किल्ली अडकवून करवतीनं मधोमध कापली, मग त्या तुकड्यांचे तुकडे केले. चार तुकड्यांना चहा थंड होण्याइतका वेळ लागला. संध्याकाळी मी हलका होऊन घरी गेलो. आणि दुसऱ्याच दिवशी लंबू तुझा निरोप घेऊन आला. मी फळीवरून उडी मारून रस्त्यावर आलो, शीळ घालत परत आत गेलो, मावशींना सांगितलं. त्यांनी विचारलं, “तिला सांगितलंस?” मी म्हटलं, आता कशाला, मोडली की. त्या म्हणाल्या, “मोडली हे तुला माहीत. मला माहीत. दार कुणाचं आहे?” मी भडकलो. म्हणालो, सांगितलं तर ती मला दारात उभं करणार नाही, चार महिन्यांनी बोलावलंय, तुम्हाला काय जातंय बोलायला. मशीन बंदच होतं, त्यामुळे बटणाचाही उपयोग नव्हता. मावशींनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, “उभं करणार नसेल तर नाही करणार. तेवढ्यासाठीच तर तिनं दार घेतलंय.” बुधवार आणि गुरुवार मी ह्या वाक्याशी भांडत काढले.

तर हे पत्र एवढ्यासाठी, की तू मला बोलावलंस ते हे माहीत नसताना. ते बोलावणं मी धरत नाही. रविवारी चारला मी येणार नाही, आणि हे मी रागानं म्हणत नाही, हे तुला माझ्या अक्षरावरून कळेल. आधी कुलूप बदल. मी ती एकच किल्ली केली होती आणि ती मोडली, पण हे तुला फक्त माझ्या शब्दावर घ्यावं लागतंय, आणि माझा शब्द काय लायकीचा आहे ते वर लिहिलंच आहे. बदलायला मी येणार नाही. मावशी येते म्हणाल्या आहेत, आणि माझ्या दुकानाचं कुणी नको असेल तर पुलापलीकडचा कारागीरही चोख आहे. कंपाउंडरबाईंनाही सांग, घर त्यांचं आहे. त्या मला बोलवून चार शब्द सुनावणार असतील तर मी जाऊन ऐकून घेईन, उलट बोलणार नाही. मला इतके दिवस वाटायचं की तू मला दाराबाहेर ठेवलंस ही माझ्यावर झालेली शिक्षा आहे. आता वाटतं, तुझ्यासारख्या मुलीला ‘नाही’ म्हणून दार लावून घेता यावं म्हणून किती बायकांनी किती दुपारी काय काय घासलं असेल, आणि मी त्यातलं एक काम पाच मिनिटांत फुकट घालवलं होतं. त्या सगळ्यांचे आभार मानायला गेलो तर पत्ते माझ्याजवळ नाहीत, म्हणून ते तुझ्याच पत्त्यावर पाठवतोय. हे वाचून पुन्हा बोलावलंस तर येईन. नाही बोलावलंस तरी मी कारण विचारायला जिना चढणार नाही. आणि नव्या कुलपाच्या किल्ल्या किती केल्यास, कुणाला दिल्यास, ते मला कळवू नकोस.

माझ्या बाजूनं तुझाच. तुझ्या बाजूनं कोण, ते तू ठरवशील,
काडेपेटी